बाकावरचा शब्द

२६ ऑक्टोबर, रविवार. अमरावती

सकाळी किसनराव आले. शेजारचे, भिंतीला भिंत. बँकेतून निवृत्त झाले, आता कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष आहेत. बाबांना जाऊन ३० नोव्हेंबरला वर्ष होईल. त्या दिवशी कॉलनीच्या बागेत बाबांच्या नावाचा ग्रॅनाइटचा बाक बसवायचं समितीने ठरवलं आहे. मजकूर ते मोबाइलवर तयार करूनच आले होते:

कै. ॲड. हेमचंद्र राजूरकर
शांतताप्रिय, मितभाषी, सर्वांचे मार्गदर्शक
यांच्या स्मरणार्थ

मी ठीक आहे म्हणाले. आई चहा घेऊन आली. तिने कप ठेवला, मोबाइल हातात घेऊन वाचला, आणि म्हणाली, "तो शब्द नको."

कोणता, असं मी विचारलं.

"पहिला."

किसनराव हसले. "वैनी, तोच तर खरा हाय. बाकीचे दोन आमी भरतीले टाकले."

आई आत गेली. मी मागोमाग जाऊन कारण विचारलं. ती म्हणाली, कुकर होत आला आहे. तिने गॅस बंद केला. आमच्या घरी कुकरची शिट्टी होऊ देत नाहीत; व्हायच्या आधी बंद करायचा आणि वाफेवर ठेवायचा. भात चांगला होतो.

नोंद एवढ्यासाठी, की आईने कशालाही 'नको' म्हटल्याचं मला स्मरत नाही. साडी, भाजी, माझं अकोल्याला राहायला जाणं, कशालाच नाही. आज एका शब्दाला म्हणाली.

मजकूर पक्का करून कोरणाऱ्याला द्यायचं काम माझ्याकडे आहे. दहा तारखेपर्यंत. तो शब्द ठेवला तर आई नाराज, काढला तर किसनराव आणि माझा भाऊ सौमित्र कारण विचारणार. कारण माझ्याकडे नाही.

२८ ऑक्टोबर. अकोला

आज कान तपासायला कमी पेशंट. दुपारी शब्दकोश पाहिला. 'शांतताप्रिय: ज्यास शांतता आवडते असा.' म्हणजे माणसाला काय आवडतं एवढंच त्यातून कळतं. तो काय करतो ते कळत नाही. मला गोड आवडतं. त्यावरून मी स्वयंपाक करते की नाही, ते सांगता येणार नाही. पण लोक हा शब्द तसा वापरत नाहीत. 'शांतताप्रिय नागरिक' म्हणजे जो भांडत नाही तो. बाबा सणासुदीच्या आधी पोलिसांनी बोलावलेल्या शांतता समितीच्या बैठकांना वर्षानुवर्षं जात. त्या अर्थाने शब्द बरोबर आहे.

सौमित्रला पुण्याला फोन केला. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. पाचवीपासून बोर्डिंगच्या शाळेत होता, त्यामुळे घरचं बरंच त्याला माझ्याकडूनच कळतं.

"बाबा शांतताप्रिय नव्हते तर मग कोण होतं? तू कधी त्यांचा आवाज चढलेला ऐकलास?"

नाही ऐकला. खरंच एकदाही नाही.

"मग झालं तर. आईचं मनावर घेऊ नकोस. वर्ष व्हायला आलं, ती जरा हलली असेल."

२ नोव्हेंबर, रविवार. अमरावती

आईने कारण दिलं नाही, म्हणून मी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. शब्द बरोबर आहे की नाही ते उदाहरणांवरून ठरवायचं.

किसनरावांनी लाउडस्पीकरचा किस्सा सांगितला. गणपतीत कॉलनीतल्या पोरांनी मोठा स्पीकर लावला होता. सगळे चिडले, शिवीगाळ झाली. बाबा खाली उतरले आणि स्पीकरसमोर हात मागे बांधून नुसते उभे राहिले. "एक अक्षर बोलले नाई वकील साहेब. पोट्ट्यायनं पाच मिनिटं पाह्यलं, मंग आपल्याच हातानं बंद केला. तुमाले सांगतो, त्यायची नजरच तशी होती."

रूपाली बाबांकडे नऊ वर्षं ज्युनिअर होती. आता तिची स्वतःची वकिली आहे. तिला बाजारात गाठलं. तिने जरा विचार केला. "साहेब रागावलेले कधी दिसलेच नाहीत, ताई. फक्त ते उजव्या हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. मग आम्ही फाइल उचलून बाहेर व्हायचो." मी विचारलं, बाहेर काहून? "तसं काही नाही. आपलं वाटायचं." मग तिने मेथीचा भाव विचारला.

दोन्ही उदाहरणांत बाबा काहीच करत नाहीत. दोन्हींत बाकीचे थांबतात.

संध्याकाळी आईला म्हटलं, बरं, तूच सांग, काय लिहू?

"लिही, वकील होते."

"आणि?"

तिने तांदूळ निवडत थोडा वेळ घेतला. "वेळेवर जेवत."

५ नोव्हेंबर. अकोला

हिवरखेडचे चंद्रभान आणि त्यांची बायको सुभद्रा. गेल्या महिन्यात दिलेलं यंत्र कानात घालून तपासायला आले होते. वय झाल्यावर होतो तसा बहिरेपणा, दोन्ही कानांना सारखा. आवाज एवढा मोठा की बाहेर बसलेल्यांना सगळं कळत होतं.

"मले पयलेबी आयकू येत होतं, मॅडम. मी आयकत नव्हतो."

सुभद्राबाई म्हणाल्या, "पाह्यलं? ह्यो मशीन घालून बी तसाच हाय. पैसे वापस द्या."

यंत्राने घरात फरक पडला का, हे मला नोंदवायचं असतं. घर शांत वाटतं का आता, असं मी विचारलं. सुभद्राबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"शांत? आमच्या घरी बाप्पा कोणी शांत नसते. शांत असलं म्हंजे कोणी बिमार पडलं असन."

मी फॉर्मवर 'समाधानकारक' लिहिलं. ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं, म्हणून इथे उतरवते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. अमरावती

आईला पुन्हा म्हटलं, अकोल्याला ये, एकदा कान तपासू. पन्नाशीनंतर सगळ्यांनी तपासावेत. मी हे चार वर्षं म्हणते आहे. कॉलनीतल्या अर्ध्या लोकांचे कान मी तपासले आहेत, किसनरावांच्या सासूबाईंचेसुद्धा. आईचे नाही. ती दर वेळी म्हणते, मला सगळं ऐकू येतं.

येतं ते खरं आहे. फक्त मी तिच्या उजव्या हाताला बसले असेन तर.

मजकूर काल रात्री तिच्या मोबाइलवर पाठवला होता, तो शब्द ठेवून. खाली लिहिलं, 'चालेल का? उद्या द्यायचा आहे.' तिने पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. सकाळी नाश्त्याला दोघी समोरासमोर होतो, तेव्हाही ती काही म्हणाली नाही. आमच्या घरात उत्तर नाही याचा अर्थ 'हो' असा आहे. कायम तसाच धरलेला आहे. बाबा विचारत, आई गप्प बसे, की ठरलं.

दुपारी बडनेरा रोडला नत्थुजींच्या दगडांच्या कारखान्यात जाऊन मजकूर दिला. स्टेशन जवळच, तिथूनच गाडी धरली.

१३ नोव्हेंबर. अकोला

तेल्हारा तालुक्यातली एक बाई. नाव लिहीत नाही. वय पंचवीसच्या आसपास, नवरा बरोबर. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी तिला प्रश्न विचारले, उत्तरं त्याने दिली. कसं झालं? "कान कोरून राह्यली होती, काडी लागली." चक्कर येते का? "नाई येत." तो चांगला बोलत होता, मला ताई म्हणत होता. "सोभाव शांत हाय तिचा. बोलत नाई जास्त."

कानात पाहिलं. काडीने पडलेलं भोक वेगळं असतं आणि झापडीने पडलेलं वेगळं. झापड कानावर बसली की आतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटतो. कडा वेड्यावाकड्या असतात. बहुतेक वेळा कान डावा असतो, कारण मारणारा समोर असतो आणि हात उजवा असतो. हे पुस्तकात चार ओळींत दिलेलं आहे.

चाचणीच्या खोलीत पेशंटशिवाय कोणी चालत नाही, असं सांगून मी त्याला बाहेर बसवलं. मग तिला विचारलं. ती म्हणाली, काडीच लागली. मी म्हटलं, डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते कागदावर येईल, तुमच्या उपयोगाचं आहे. मदतीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. तिने तो वाचला, पाठ केल्यासारखे ओठ हलले, आणि चिठ्ठी मला परत दिली.

"जाऊ द्या ताई. घरात शांतता राह्यली पायजे."

चाचणी करताना चांगल्या कानात खरखर सोडावी लागते. त्याला झाकणारा आवाज म्हणतात. तो नसेल तर चांगला कान वाईट कानाच्या वतीने उत्तर देतो, आणि वाईट कान ठीक असल्याचं कागदावर येतं. मी तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, पंख्यासारखा आवाज आहे.

डॉक्टरांकडे पाठवलं. सोबतच्या कागदावर मी जे पाहिलं ते लिहिलं.

रात्री आईशी व्हिडिओवर बोलले. ती ऐकताना फोन तोंडासमोर धरत नाही, उजव्या कानाला लावते. पडद्यावर मला केस आणि कानातली कुडी दिसत राहते. हे नेहमीचंच आहे. का लिहिलं, माहीत नाही.

पंखा लावून झोपते आहे. थंडी आहे, पण पंख्याशिवाय मला झोप येत नाही. लहानपणापासूनची सवय.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमरावती

तिथीने आज वर्षश्राद्ध. सौमित्र काल आला. गुरुजी वेळेत आले, वेळेत गेले. वडे चांगले झाले होते, पानं वाढताना एकही भांडं वाजलं नाही. जेवताना गुरुजी म्हणाले, या घरात पाऊल टाकलं की देवळात आल्यासारखं वाटतं. आईने त्यांना आणखी खीर वाढली.

दुपारी सौमित्रने बाबांचं घड्याळ मागितलं. आईने कपाटातून काढून दिलं. "ने," एवढंच म्हणाली. त्याने ते बांधून पाहिलं, पट्टा सैल होता, म्हणून काढून समोरच्या काचेच्या टेबलावर ठेवलं. टक असा आवाज झाला.

पुढचं जसं झालं तसं लिहिते. आई उठली आणि आतल्या खोलीतल्या पंख्याचं बटण दाबून आली. मी उठून त्या खोलीचं दार लावलं. दाराच्या कडेला आतून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी आहे, त्यामुळे ते लागताना वाजत नाही. दोघी परत येऊन बसलो.

सौमित्र आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "काय करून राहिल्या तुम्ही? थंडी आहे आणि पंखा?"

मी म्हणाले, उदबत्तीचा धूर झाला होता.

धूर झाला नव्हता. आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर. अमरावती

रजा वाढवली. सौमित्र सकाळी गेला. तीस तारखेला पुन्हा येणार आहे.

वर्ष संपलं, म्हणून देवाची पितळी भांडी घासायला काढली. घंटा घासताना उलटी केली. आतल्या लोलकाभोवती कापूस गुंडाळून वर दोऱ्याने घट्ट बांधलं आहे. आमची घंटा वाजत नाही हे मला माहीत होतं. लहानपणी मी समजायचे की घरातल्या घंटा अशाच असतात, वाजणाऱ्या देवळात. कारण आज पाहिलं.

कापूस पांढरा होता. तेलकट नाही, काळा नाही. महिन्याभरातला असावा.

बाबा जाऊन वर्ष झालं.

नत्थुजींनी दुपारी बाकाचा फोटो पाठवला. अक्षरं सुबक आली आहेत. मी फोटो आईला दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, बोटाने त्या एका शब्दाशी थांबली, आणि फोन मला परत दिला.

"तू उत्तर दिलं नाहीस," मी म्हणाले.

"दिलं होतं. किसनरावांसमोर."

२३ नोव्हेंबर, रविवार. अमरावती

कानात पाहायचं यंत्र टॉर्चएवढं असतं. अकोल्याहून येताना ते मी बॅगेत टाकलं होतं. का टाकलं, ते तेव्हा लिहिलं नाही.

आई अंगणात उन्हात बसून वाती वळत होती. मी खुर्ची तिच्या डाव्या बाजूला ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, आई, पाणी हवं का. ती वळत राहिली. पुन्हा म्हणाले. मग तिच्या खांद्याला हात लावला.

यंत्र पाहून तिने या वेळी 'मला ऐकू येतं' म्हटलं नाही. कापूस बाजूला ठेवला, कुडी काढली आणि मान कलती केली. आधी उजवा पाहिला. निरोगी. मग डावा.

पडद्यात मोठं भोक आहे. जुनं. कडा गुळगुळीत झालेल्या, पडद्यावर पांढरे चट्टे, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा फाटला आणि पुन्हा भरून आला. शेवटी भरला नाही. चाचणी न करता आकडा सांगू नये, पण त्या कानाने ती साधं बोलणं ऐकू शकत नसणार.

अशा बहिरेपणात आणखी एक होतं, ते मी विद्यार्थ्यांना शिकवलंही आहे. बाहेरचे आवाज आत पोचत नाहीत, पण स्वतःचा आवाज हाडांतून पोचतो आणि तो स्वतःला मोठा वाटतो. म्हणून माणूस हळू बोलायला लागतो. आई हळू बोलते. सगळे म्हणतात, स्वभाव.

मी विचारलं, "कधी?"

"तू बालवाडीत होतीस."

"कशाने?"

तिने वात उचलली. "तू शिकलेली आहेस त्यातलं. तूच सांग."

मी सांगितलं नाही. ती थांबली होती. मग म्हणाली, "नको तर नको सांगूस."

बराच वेळ ती वळत राहिली. मी यंत्राचं टोक पुसून डबीत ठेवलं. तो शब्द का नको, असं मी पुन्हा विचारलं नव्हतं, पण उत्तर तिने त्याचंच दिलं.

"त्यांना शांतता आवडायची, हे खोटं नाही. फार आवडायची. पण ती करायला मी होते, जुई. पाटाखाली कापड मी लावलं, दाराला नमदा मी लावला, तुम्हां दोघांना मी गप्प केलं. एवढं सगळं करून ती त्यांच्या नावाने दगडावर जाणार. म्हणून म्हटलं, नको."

मग तिने विचारलं, "तू एकदा आतल्या खोलीचं दार उघडून बाहेर आली होतीस. तुला आठवत नाही?"

"नाही."

"बरं."

मला आठवत नाही. इथे येऊन बसल्यावर मी प्रयत्न केला. बालवाडीतली बाई आठवते, निळी वॉटरबॅग आठवते, आतल्या खोलीतल्या पंख्याची तीन पाती आणि त्यावरची धूळ आठवते. दार आठवतं, ते बंद. बाहेर आल्याचं आठवत नाही.

घंटेचा कापूस अजून का बदलतेस, तेही विचारलं नाही.

२६ नोव्हेंबर. अकोला

नत्थुजींना फोन. शब्द काढता येईल का?

"मॅडम, दगड हाय तो, पाटी नाई पुसाले."

बाकाला नवी पाठ बसवली तर? त्याच रंगाचा दगड आता आठवड्यात मिळणार नाही. मग घासून काढा, मी म्हणाले. "घासतो. पण खळगा पडन, चमक जाईन. लोकायले दिसनच का इथं काही होतं. चुकीचं कोरलं म्हून माह्यं नाव खराब."

मी म्हणाले, चूक माझी होती असं मी सांगेन.

सौमित्रला कळवलं. तो आधी हसला, मग चिडला. कान, पडदा, मी जे पाहिलं ते सगळं त्याला सांगितलं, ज्या शब्दांत डॉक्टरांना लिहिते त्याच शब्दांत. तो म्हणाला, पंचवीस वर्षांपूर्वीच्या भोकावरून काही सिद्ध होत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. तो म्हणाला, "मी तिथे होतो. मी काही ऐकलं नाही."

मी म्हणाले, मीसुद्धा काही ऐकलं नाही.

मग तो म्हणाला, तीस तारखेला येणं जमेलसं दिसत नाही.

आईला फोन करून दोन्ही शक्यता मांडल्या. शब्द आहे तसा राहील, किंवा घासला जाईल आणि खूण राहील. या वेळी मी उत्तर येईपर्यंत फोन ठेवला नाही.

"खूण राहू दे," ती म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार. अमरावती

बाक बागेच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली बसवला आहे. तिसेक लोक होते. नाव स्पष्ट. त्याखालची ओळ आता 'मितभाषी'पासून सुरू होते आणि तिच्या डाव्या टोकाला वीतभर जागा खरबरीत, फिक्कट, थोडी खोल आहे. सगळ्यांचं लक्ष तिकडेच जात होतं. एका लहान मुलीने तिथे बोट फिरवलं, तिच्या आईने तिला मागे ओढलं.

किसनराव भाषणात दोनदा 'शांतताप्रिय' म्हणाले. शब्द दगडावर नसल्याने त्यांना तो तोंडाने भरून काढावा लागला. लाउडस्पीकरचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग आईला बाकावर बसायची विनंती झाली. ती बसली. किसनराव तिच्या डाव्या बाजूला बसले आणि वाकून काहीतरी म्हणाले. फोटोवाला पुढे झाला.

आई वळली. माईक समोरच्या टेबलावर चालूच होता.

"किसनराव, या बाजूला येऊन बोला. त्या कानाने मला ऐकू येत नाही."

"अरे," ते म्हणाले. "असं कवापासून, वैनी?"

"लग्नाच्या सातव्या वर्षापासून."

ती नेहमीसारखीच हळू बोलली. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

कोणी काही विचारलं नाही. रूपाली मागच्या रांगेत होती, ती खाली बघत होती. किसनराव उठून आईच्या उजव्या बाजूला आले, पण तिथे बसल्यावर काय म्हणायचं होतं ते त्यांना आठवेना. ते चपलांकडे बघत राहिले. त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे. भिंत नऊ इंची आहे. अशा भिंतीतून बोलणं कळत नाही, आपटणं कळतं. हे मी त्यांना म्हणाले नाही.

पेढे वाटले. लोक लवकर गेले.

घरी येताना आईला शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं. पडदा बसवता येतो, आपल्याच शरीरातला तुकडा घेऊन. या वयातही बऱ्याचदा जमतो. ती म्हणाली, बघू. मग फाटकाशी थांबून म्हणाली, "दोन्ही कानांनी काय ऐकायचं आता? पण बघू."

दिवेलागणीला मी बाहेरच्या खोलीत ही वही घेऊन बसले होते. आई देवघरात होती. कात्रीचा आवाज आला. मग दोरा तुटल्याचा नाही, तो ऐकू येण्यासारखा नसतो, पण काहीतरी खाली पडल्याचा, अगदी हलका.

मग घंटा वाजली.

मी त्या घंटेचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. बारीक आणि टोकदार आहे, मला वाटला होता त्यापेक्षा वरच्या पट्टीतला. ती थांबून थांबून वाजवत होती, मग सलग वाजवू लागली.

त्यानंतरचं मला क्रमाने सांगता येत नाही. मी आतल्या खोलीत होते. दार लावलेलं होतं, कडी घातलेली होती. पंखा चालू होता. वही हातात होती, पेन नव्हतं. दिवा लावलेला नव्हता. मी पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत, जमिनीवर बसले होते. त्या जागेत मोठं माणूस मावत नाही. मी कशी मावले, माहीत नाही.

घंटा थांबली होती. पावलं आली, दारापाशी थांबली. आईने दार वाजवलं, बोटाच्या पेराने, दोनदा.

"जुई," ती म्हणाली. "उघड. कोणी नाही."

मी उठले नाही.

"मी आहे फक्त," ती म्हणाली, या वेळी मोठ्याने. "उघड, बाळा."